दिसणे आणि पाहणे : नाटक-चित्रपटाच्या विद्यापीठीय अभ्यासाविषयी

बारावीचा निकाल लागल्यानंतरचा रविवार होता. दुसरी मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीत झगा उतरवीत असताना आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन दाराशी येऊन उभे राहिले. मुलगी गुणी, चर्चच्या गायनवृंदातली, निकालही चांगला लागलेला. गृहस्थांच्या चेहऱ्यावर मात्र त्याचा आनंद दिसेना. "फादर, हिला तुम्हीच दोन शब्द सांगा," ते म्हणाले. "हिला म्हणे नाटक-सिनेमा शिकायचाय, आणि तोही पुण्याला, विद्यापीठात. नाटकं करायला विद्यापीठ कशाला लागतं, फादर? आपल्याकडे नाताळला होतातच की!" मुलगी काहीच बोलली नाही. तिने फक्त आमच्याकडे एकदा पाहिले आणि मान खाली घातली.

आम्ही पुढच्या रविवारी बोलू असे सांगून वेळ मारून नेली. प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्या क्षणी ठाऊक नव्हते हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक अवघड आहे आणि ते सांगितल्यावाचून या लेखाला हात घालणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

२००६ साली 'द दा विंची कोड' हा चित्रपट आपल्या देशात आला तेव्हा आपल्या समाजात केवढी खळबळ उडाली होती हे वाचकांना आठवत असेल. मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली, गोव्यासह काही राज्यांनी त्यावर बंदीही घातली. आम्ही त्या वेळी एका लहानशा धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. वेदीवरून आम्ही त्या चित्रपटाविरुद्ध पंधरा मिनिटे बोललो. मिस्सा संपल्यावर कॉलेजात जाणारा एक तरुण भेटायला आला आणि त्याने अगदी नम्रपणे विचारले, "फादर, तुम्ही तो पाहिला आहे का?" आम्ही तो पाहिलेला नव्हता. तसे सरळ सांगण्याऐवजी आम्ही त्यालाच चार शब्द सुनावले. काही वर्षांनी तो चित्रपट आम्ही पाहिला. कलाकृती म्हणून तो आम्हांला सामान्य, लांबलेला आणि पुष्कळ ठिकाणी कंटाळवाणा वाटला. आमच्या प्रवचनात यांतले एकही विधान नव्हते. श्रद्धेच्या दृष्टीने त्यात जे चुकीचे होते ते सांगण्याचा अधिकार आम्हांला होताच. पण जी वस्तू पाहिली नाही तिच्याविषयी बोलण्याचा नव्हता. त्या तरुणाचा चेहरा अजून आठवतो.

म्हणून या वेळी आम्ही आधी पाहावे, वाचावे, विचारावे आणि मग बोलावे असे ठरविले. पुढचे विवेचन हे त्या गृहस्थांना दिलेले उत्तर आहे. ते थोडे लांबले आहे आणि इतर घरांतही ते उपयोगी पडेल अशी आशा आहे.

प्रथम थोडी माहिती, कारण आपल्याकडे या विषयावर बोलणाऱ्यांपाशी मते भरपूर असतात आणि माहिती कमी. पुणे विद्यापीठात, म्हणजे आताच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात, १९८७ साली ललित कला केंद्र सुरू झाले. तेथे संगीत, नृत्य आणि नाट्य या विषयांत बारावीनंतर पदवीपर्यंत व पुढेही शिकता येते. 'महानिर्वाण'कार सतीश आळेकर १९९६ ते २००९ या काळात त्या केंद्राचे प्रमुख होते. मुंबई विद्यापीठात २००३ साली नाट्यशास्त्राची अकादमी निघाली. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ सालचे. तेथे प्रवेशासाठी पदवी आणि रंगमंचावरचा काही पूर्वानुभव लागतो. चित्रपटासाठी पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० साली स्थापन झाली. तेथील बहुतेक प्रमुख अभ्यासक्रम पदवीनंतरचे आहेत, आणि २०२५ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. चित्रपट करायला न शिकविता चित्रपटाचा शास्त्रशुद्ध अभ्यास शिकविणारा देशातला पहिला विद्यापीठीय विभाग कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात १९९३ साली उघडला. म्हणजे बारावी झालेल्या मुलीला नाटकाचे दार आज उघडे आहे. चित्रपटाचे दार बहुधा तीन वर्षांनी उघडेल. हा क्रम आम्हांला योग्यच वाटतो. का, ते पुढे येईल.

आता मुख्य प्रश्न. तेथे शिकवितात तरी काय?

आमच्या धर्मग्रामातील बहुसंख्य पालकांची समजूत अशी की तेथे नट-नट्या तयार करतात. मुलांचीही समजूत तीच. फरक एवढाच की पालकांना तिची भीती वाटते आणि मुलांना तिची भूल पडते. दोघेही चुकतात. नाट्यविभागातील विद्यार्थी आवाज, श्वास, शरीर यांवर काम करतो हे खरे; परंतु त्याच वेळी तो भरताचे नाट्यशास्त्र वाचतो, ग्रीक शोकांतिका वाचतो, नेपथ्याचे मोजमाप घेतो, दिवे चढवतो आणि दुसऱ्याच्या नाटकात पडदा ओढतो. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, ध्वनी असे स्वतंत्र विभाग आहेत. या सर्वांच्या मुळाशी एकच शिक्षण असते: समोर जे दिसते आहे ते तसे का दिसते हे ओळखण्याचे.

एक उदाहरण देतो. रशियात १९१९ साली मॉस्को येथे जगातली पहिली चित्रपटशाळा निघाली. तेथे शिकविणारे लेव्ह कुलेशोव्ह यांचा एक प्रयोग आजही जगभरच्या वर्गांतून सांगितला जातो. एका नटाचा निर्विकार चेहरा त्यांनी घेतला. त्याच चेहऱ्यापुढे एकदा सूपची वाटी जोडली, एकदा शवपेटी, एकदा एक स्त्री. प्रेक्षकांना पहिल्या वेळी त्या चेहऱ्यात भूक दिसली, दुसऱ्या वेळी शोक, तिसऱ्या वेळी अभिलाषा. चेहरा तर एकच होता! भाव नटाने दाखविला नव्हता. दोन चित्रे शेजारी ठेवल्यामुळे तो प्रेक्षकाच्या मनात निर्माण झाला होता. संकलनकलेचा हा पहिला धडा. तो वाचला तेव्हा आम्हांला थोडे अस्वस्थ वाटले, कारण आम्ही प्रवचनकारही हेच करतो. शुभवर्तमानातील एक दाखला आणि गावातली एक घटना शेजारी शेजारी ठेवतो, दोघांत काही बोलत नाही, आणि श्रोत्याच्या मनात जे उमटायचे ते उमटते. राजकीय पुढारी हेच करतो, जाहिरातवाला हेच करतो, आणि मुलांच्या हातातल्या मोबाइलवरची अर्ध्या मिनिटाची चित्रफीतही हेच करते. ज्या घरात दिवसाचे चार तास कोणता ना कोणता पडदा चालू असतो, त्या घरातल्या एका तरी व्यक्तीला हा धडा माहीत असणे ही चैन कशी म्हणावी?

येथे कोणी म्हणेल, चर्चला या भानगडी कशाला? अशांना आम्ही थोडे मागे नेऊ इच्छितो. दहाव्या शतकात, इ. स. ९७० च्या सुमारास, इंग्लंडमध्ये विंचेस्टरचे बिशप संत एथेलवोल्ड यांनी मठवासीयांसाठी एक नियमावली सिद्ध केली. तीत पुनरुत्थानाच्या पहाटेच्या उपासनेत एका संन्याशाने शुभ्र वस्त्र घालून कबरीपाशी कसे बसावे, इतर तिघांनी सुगंधी द्रव्ये घेऊन, काहीतरी शोधीत असल्यासारखी पावले टाकीत कसे यावे, आणि कोणाला शोधता असे दूताने त्यांना कसे विचारावे, याच्या सूचना दिल्या आहेत. या ओळी सेमिनरीत उपासनाशास्त्राच्या तासाला आमच्या कानांवरून गेल्या होत्या. त्याच ओळी युरोपीय नाटकाच्या इतिहासाच्या पुस्तकांत पहिल्या काही पानांवर असतात हे आम्हांला पन्नाशी उलटल्यावर कळले! प्राचीन रंगभूमी लयाला गेल्यानंतर युरोपात नाटक पुन्हा उगवले ते वेदीच्या पायरीवर. मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फ्रान्समध्ये ख्रिस्तसभेने दीर्घकाळ नटांना संस्कार नाकारले; १६७३ साली मोलिएरसारखा नाटककार वारला तेव्हा राजाला मध्ये पडावे लागले आणि मगच त्याचे दफन, तेही रात्री, होऊ शकले. जन्म द्यायचा आणि ओळख नाकारायची, असा हा व्यवहार.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ही भूमिका बदलली. ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसृत झालेल्या सामाजिक संपर्कसाधनांविषयीच्या आदेशपत्रात, तरुणांना या साधनांचा उपयोग समजून करण्याचे शिक्षण कॅथॉलिक शाळांतून आणि सेमिनरींतूनही द्यावे असे स्पष्ट म्हटले आहे. आमच्या सेमिनरीच्या वर्षांत आमच्या वाट्याला त्यातले दोन-चार तास आले. एका जुन्या प्रोजेक्टरवर 'टेन कमांडमेंट्स' दाखविला गेला, समुद्र दुभंगला तेव्हा आम्ही टाळ्या वाजविल्या, आणि शिक्षण संपले.

हे काम ज्यांनी मनापासून केले त्यांत कोलकात्याचे येशूसंघीय फादर गॅस्टन रॉबर्ज यांचे नाव अग्रभागी आहे. जन्म १९३५ सालचा, कॅनडातला. १९६१ साली भारतात येताना वाटेत न्यूयॉर्कमध्ये त्यांनी सत्यजित राय यांचे अपूवरील तीन चित्रपट पाहिले, आणि ज्या भूमीत आपण जात आहोत ती त्यांना पडद्यावर प्रथम भेटली. पुढे त्यांना अमेरिकेत शिकण्याची संधी मिळाली तेव्हा त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात नाट्यकलेच्या विभागात चित्रपट हा विषय घेऊन एम. ए. केले. १९७० साली त्यांनी कोलकात्यात 'चित्रबाणी' ही संस्था उभी केली. रायबाबूंचा तिला पाठिंबा होता. तेथून किती तारे निघाले असे विचारणे चुकीचे होईल. शिक्षक, धर्मभगिनी, कॉलेजातली मुले यांना चित्रपट कसा वाचावा हे फादर शिकवीत राहिले, २०२० साली देवाघरी जाईपर्यंत. एका धर्मगुरूने विद्यापीठात नाटक-चित्रपट शिकून काय केले, याचे हे उत्तर आमच्या त्या गृहस्थांना आम्ही पहिल्यांदा दिले. ते म्हणाले, "फादर लोकांचं वेगळं असतं. त्यांना कुठे घर चालवायचं असतं!" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

घर चालविण्याच्या प्रश्नाकडे आम्ही येऊच. पण आधी या अभ्यासाची प्रत्यक्ष गोडी कशात आहे ते दाखविले पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे नुसती शिफारसचिठ्ठी होईल. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट ज्या आवारात आहे ते मूळचे प्रभात स्टुडिओचे. कोल्हापुरात १९२९ साली निघालेली प्रभात कंपनी १९३३ साली तेथे आली आणि दामले-फत्तेलाल या जोडीने १९३६ साली 'संत तुकाराम' तेथेच निर्माण केला. मुंबईत एकाच चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची नोंद घेतली गेली. आपल्यापैकी पुष्कळांनी तो दूरदर्शनवर कधी ना कधी पाहिला असेल. अभंग कानांत राहिले असतील, शेवटचे विमान डोळ्यांत राहिले असेल. आम्हीही तेवढेच पाहिले होते. या उन्हाळ्यात तो अभ्यासकांनी लिहिलेले वाचून पुन्हा पाहिला, आणि अर्धा चित्रपट आम्हांला प्रथमच दिसला.

तुकारामांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस हे संगीत नाटकांच्या कंपन्यांत वाढलेले, तेथे स्त्रीभूमिका केलेले गायक नट. ते गाऊ लागतात तेव्हा शरीर स्थिर होते आणि चेहरा किंचित बाहेर, आपल्याकडे वळतो. रंगमंचावरचा नट प्रेक्षागृहाकडे वळतो तसाच. जिजाई झालेली गौरी कोणत्याही नावाजलेल्या नाटक मंडळीतून आलेली नव्हती. ती आपल्याकडे पाहतच नाही. तिचे हात सतत कशात तरी गुंतलेले: चूल, पोरे, म्हैस. ती बोलते ते काम करता करता, आणि कामाच्या लयीत. एकाच चौकटीत दोन माणसे आहेत, आणि ती दोन निरनिराळ्या कलांतून आली आहेत. नाटक तुकारामात आहे, चित्रपट जिजाईत आहे. दिग्दर्शकांनी दोघांपैकी एकालाही दुसऱ्यासारखे व्हायला लावले नाही, हे त्यांचे थोरपण. नाटक आणि चित्रपट एकत्र का शिकावेत, आणि नाटक आधी का शिकावे, याचे याहून चांगले प्रात्यक्षिक आम्हांला माहीत नाही. नटाचे शरीर म्हणजे काय हे ज्याला रंगमंचावर समजलेले नाही, त्याला कॅमेऱ्यापुढे न केलेल्या अभिनयाची किंमत कळणार कशी?

यातले चमत्कार आजच्या मुलांना हसवतील. ते छायाचित्रणाच्या युक्तीने साधलेले आहेत आणि आमच्या मते चित्रपटाचा तो दुबळा भाग आहे. बलवान भाग दुसरीकडे आहे. मुलगा आजारी पडतो तेव्हा जिजाई एका हाताने त्याला ओढत आणि दुसऱ्या हातात पायताण घेऊन देवळात जाते आणि देवालाच जाब विचारते. हा प्रसंग पाहताना आमच्यातला धर्मगुरू प्रथम दचकला. मग स्तोत्रसंहिता आठवली. तेथेही देवाला जाब विचारणारे आवाज आहेत आणि आपण ते रोज प्रार्थना म्हणून म्हणतो. अखेरीस तुकाराम वैकुंठाला निघतात, तिला बरोबर बोलावतात, आणि ती जात नाही. घरात पोरे आहेत, त्यांच्या पोटाचे पाहायचे आहे. चित्रपट तिला हसत नाही. मार्था आणि मरिया यांच्यावर आम्ही आजवर किती प्रवचने दिली असतील त्याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी मार्थेला थोडी कमी लेखून आम्ही वेदीवरून खाली उतरलो. प्रभातच्या त्या दोन कलावंतांनी तिला कमी लेखले नाही.

या अभ्यासात सारेच गोड आहे असे मात्र कोणी समजू नये. आमच्या काही तक्रारी आहेत. पहिली भाषेची. नाटकाच्या बाबतीत मराठी समृद्ध आहे: तालीम, प्रवेश, नेपथ्य, रंगभूषा, संहिता हे शब्द कंपन्यांच्या बिऱ्हाडांतून आले आणि आजही जिवंत आहेत. चित्रपटाच्या बाबतीत दिग्दर्शन, संकलन असे काही भारदस्त शब्द आपण घडविले, पण चित्रपट ज्या विटांनी बांधला जातो त्या शॉट, कट, क्लोज-अप अशा परकीयच राहिल्या. त्याबद्दल रडण्याचे कारण नाही. शब्द कोठूनही यावेत. पण चित्रपटविचाराची पुस्तके बव्हंशी इंग्रजीत, आणि तीही अशा इंग्रजीत की मराठी माध्यमातून आलेला मुलगा पहिल्या सत्रातच स्वतःला मठ्ठ समजू लागतो. ज्या भूमीत दादासाहेब फाळके झाले तेथे हे घडावे! १९१०-११ च्या सुमारास मुंबईत एका तंबूतल्या पडद्यावर ख्रिस्तजीवनावरचा मूकपट पाहून फाळक्यांना राम आणि कृष्ण पडद्यावर आणण्याची प्रेरणा झाली, ही गोष्ट त्यांनी स्वतः मराठीत लिहून ठेवली आहे. आपल्या प्रभूच्या चरित्राने भारतीय चित्रपटाला पहिला धक्का दिला याचा आपल्याला केवढा अभिमान वाटतो. पण फाळके नुसती प्रेरणा घेऊन थांबले नाहीत हे आपण विसरतो. ते जे. जे. कलाशाळेत शिकले होते, बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते, आणि प्रेरणा झाल्यावरही १९१२ साली लंडनला जाऊन तंत्र शिकून आले. मग १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'.

दुसरी तक्रार अशी की लोकपरंपरेचा अभ्यास होतो तेव्हा दशावतार, तमाशा, लळित यांची नावे येतात, ती यायलाच हवीत. पण १८९२ साली मुंबईत सुरू झालेल्या गोंयकारांच्या तियात्राचे नाव क्वचितच येते आणि आपल्या धर्मग्रामांत प्रायश्चित्तकाळात होणाऱ्या दुःखसहनाच्या नाटकांचे तर येतच नाही. दोष सर्वस्वी विद्यापीठाचा नाही. आपण तरी त्यांची संहिता कधी जपून ठेवली? आमच्याच धर्मग्रामातील तीस वर्षांपूर्वीची वही वाळवीने खाल्ली.

तिसरी गोष्ट भीतीची. २०२४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या त्याच ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचे परीक्षेचे नाटक चालू असताना, रामलीलेतील नटांचे पडद्यामागचे वागणे त्यात दाखविल्यावरून, प्रयोग उधळला गेला आणि विभागप्रमुखांसह काही विद्यार्थ्यांना अटक झाली. पुढे त्यांना जामीन मिळाला. आमच्या गृहस्थांनी ही बातमी बरोबर लक्षात ठेवली होती. "तिथे पोलीस येतात, फादर." आम्ही काय बोलणार? श्रद्धा दुखावल्याचे दुःख खोटे असते असे आम्ही म्हणणार नाही. ते आम्हांलाही झालेले आहे. परंतु परीक्षेच्या प्रयोगात मुलगा चुकला तर त्याला गुण कमी द्यावेत, त्याच्याशी वाद घालावा. वर्गात चुकायचे नाही तर मग कोठे? २००६ चे आमचे ते प्रवचन आठवले आणि आम्ही गप्प राहिलो.

राहता राहिला पोटाचा प्रश्न. येथे आम्हांला खोटी आशा दाखवायची नाही. फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेला केरळचा जॉन अब्राहम हा ख्रिस्ती घराण्यातला मुलगा. आयुर्विमा महामंडळातली नोकरी सोडून तो पुण्याला आला, ऋत्विक घटकांच्या हाताखाली शिकला. पुढे त्याने आणि त्याच्या मित्रांनी गावोगाव फिरून, चित्रपट दाखवून, लोकवर्गणी गोळा केली आणि त्यातून 'अम्मा अरियान' हा १९८६ चा चित्रपट तयार झाला.  दुसऱ्याच वर्षी, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, एका अपघातात तो गेला. संसार, घर, पैसा यांपैकी त्याच्या मागे काही नव्हते. बाप म्हणून असा मुलगा कोणी मागून घेणार नाही. दुसरीकडे संकलन, ध्वनी, छायालेखन शिकलेल्यांना आज नियमित काम मिळते, आणि नाटक शिकलेली पुष्कळ माणसे शाळा-कॉलेजांत शिकवितात. पण नोकरीची हमी हवी असेल तर हा रस्ता घेऊ नये, हे आम्ही मुलीलाही स्पष्ट सांगितले.

तिने मग आम्हांला विचारले, "फादर, तुम्ही 'फँड्री' पाहिलाय?" या वेळी आम्ही पाहिलेला नाही असे सरळ सांगितले. जूनच्या दुसऱ्या शनिवारी तिच्याच आग्रहावरून आम्ही तो चर्चच्या सभागृहात दाखविला. साठ-सत्तर माणसे आली. नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. मराठीत एम. ए. केल्यानंतर त्यांनी तेव्हाच्या अहमदनगरमधल्या एका महाविद्यालयात संज्ञापनाचा अभ्यासक्रम घेतला आणि तेथे शिकताना 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुणे-मुंबईबाहेरच्या वर्गातही हे शिकता येते, हे तिला वडिलांना दाखवायचे असावे. 'फँड्री' २०१३ सालचा.

शेवटच्या भागात जब्याचे कुटुंब शाळेजवळ डुक्कर पकडते आहे. सगळे गाव जमले आहे, हसते आहे, शेरे मारते आहे. शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, धावणारे सगळे जागच्या जागी उभे राहतात, आणि डुक्कर निसटते. आमच्या सभागृहात येथे मोठा हशा पिकला. पुढे बांधलेले डुक्कर खांद्यावर घेऊन बाप-लेक शाळेच्या भिंतीजवळून जातात; त्या भिंतीवर आंबेडकरांची, फुल्यांची चित्रे आहेत. कॅमेरा काही बोलत नाही, फक्त दोन गोष्टी एका चौकटीत ठेवतो. कुलेशोव्हने दोन चित्रे एकापाठोपाठ एक जोडली. येथे तोडायची गरजच ठेवलेली नाही. हशा हळूहळू थांबला. आणि अखेर जब्या चिडवणाऱ्यांवर दगड भिरकावतो तो सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने, म्हणजे आपल्याच दिशेने येतो आणि पडदा संपतो.

ट्यूबलाइट लागल्या. बराच वेळ कोणी उठेना. पुढच्या रांगेतल्या एका वृद्ध काकांनी मागे वळून आम्हांला विचारले, "फादर, त्याने दगड आपल्याला का मारला? आपण काय केलं?"

आम्ही उत्तर देणार तेवढ्यात ती मुलगी मागून म्हणाली, "काका, मघाशी डुक्कर पळालं तेव्हा आपण हसलो ना, तेव्हा आपण कुठे बसलो होतो?"

काका काही बोलले नाहीत. तिने कोणाला दोष दिला नव्हता. एवढेच विचारले होते की दिग्दर्शकाने आपल्याला कोठे बसविले: जब्याच्या शेजारी की बघ्यांच्या गर्दीत. त्यानंतर सभागृहात तासभर बोलणे चालले. कोणी म्हणाले, दगड मारणे ख्रिस्ती शिकवणुकीत बसत नाही. कोणी म्हणाले, दगड मारू नका असे प्रभूने सांगितले ते हातात दगड घेऊन उभ्या असलेल्यांना. एका बाईंनी आपल्याच गावातल्या विहिरीची जुनी गोष्ट काढली. ती येथे लिहिण्याजोगी नाही, पण ती आमच्या धर्मग्रामात मोठ्याने बोलली गेली हे आम्ही प्रथमच ऐकले. त्या संध्याकाळी आम्ही बोललो ते फार थोडे.

खुर्च्या उचलताना मुलीचे वडील आमच्याजवळ आले. त्यांचा चेहरा अजून राजी झालेला नव्हता. "फादर," ते म्हणाले, "त्या पुण्याच्या केंद्राचा फॉर्म कधीपर्यंत भरायचा असतो? आणि मुलींच्या हॉस्टेलचं काय?" हॉस्टेलचे आम्हांला ठाऊक नव्हते. सोमवारी फोन करून विचारतो असे आम्ही त्यांना सांगितले.